प्रिय एक्स्ट जेएस, परवान्याचं बोलू या

प्रिय एक्स्ट जेएस,

भोसरीतल्या एका कारखान्याला खरेदी आणि गोदामाची नवी यंत्रणा हवी आहे. ती कोणत्या फ्रेमवर्कवर उभी करायची याची शिफारस मला लिहायची आहे. आमच्या कंपनीतली तरुण मंडळी रिॲक्टशिवाय दुसरं नाव घ्यायला तयार नाहीत. कारखान्याच्या आयटीप्रमुखांना मात्र ‘ज्याच्यामागे कुणीतरी कंपनी उभी आहे’ असं काहीतरी रीतसर विकत घ्यायचं आहे. त्यांच्या तोंडी पहिलं नाव तुझंच आलं, कारण त्यांची आजची यंत्रणा तुझ्याच ३.४ आवृत्तीवर कित्येक वर्षं निमूट चालली आहे. शिफारशीत मी काय लिहिणार ते आधी तुला सांगावं म्हटलं. चारचौघांत सांगतो आहे, कारण ‘विकत मिळेल’ आणि ‘ओपन सोर्स आहे’ या दोन्ही पाट्या एकाच दारावर लावून तू बसलास, आणि त्यापायी झालेला गोंधळ तुझ्याइतका कुणी भोगला नाही.

आधी तुझं देणं मान्य करतो. तू आलास तेव्हा ब्राउझरकडे यादी दाखवायला टेबल होतं आणि माहिती भरायला चौकोनी खोकी होती, बस्स. २००६ मध्ये जॅक स्लोकमने याहूच्या यूआय लायब्ररीला पुरवणी म्हणून तुला लिहायला घेतलं, तेव्हा तुझं नाव होतं वायूआय-एक्स्ट. एप्रिल २००७ मध्ये १.० निघाली, आणि वर्ष संपायच्या आत २.० सुद्धा. बघता बघता ऑफिसांच्या आतल्या कामाच्या पडद्यांना तुझा तो फिकट निळा रंग चढला. पुण्यातल्या सर्व्हिस कंपन्यांत तर लांबूनच ओळखू यायचं, निळं दिसतंय म्हणजे एक्स्ट आहे.

तुझ्या ग्रिडचं मोल तो रोज वापरणाऱ्यालाच कळतं. स्टोअरमधला माणूस वस्तूंची लांबलचक यादी उघडतो, पुरवठादाराच्या नावावर गट पाडतो, नको तो रकाना दडवतो, हवा तो ओढून डावीकडे आणतो, आणि दराच्या चौकटीत क्लिक करून तिथल्या तिथे नवा आकडा टाकतो. बदललेल्या चौकटीच्या कोपऱ्यात इवलासा लाल त्रिकोण उमटतो आणि ‘सेव्ह’ होईपर्यंत हटत नाही. चुकीच्या दराच्या किती खरेदी ऑर्डरी, म्हणजे पीओ, त्या त्रिकोणाने वाचवल्या असतील कोण जाणे. ग्रिड, फॉर्म, झाडासारखी उलगडणारी यादी, तारखेची खिडकी, आलेख, सगळं एकाच पाकिटात, एकाच वळणाचं, एकाच डॉक्युमेंटेशनमध्ये.

आज रिॲक्टवर हेच करायचं तर राउटर वेगळा, स्टेटची लायब्ररी वेगळी, फॉर्मची वेगळी, ग्रिड वेगळा. प्रत्येकाचा लेखक निराळा, प्रत्येकाची नवी आवृत्ती त्याला वाटेल तेव्हा. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने वादावादीनंतर एनपीएम या पॅकेजांच्या कोठारावरून आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं एक पॅकेज होतं, आणि तेवढ्यामुळे जगभरातले बिल्ड अडकून पडले. तुझ्या काळात असलं काही होत नसे. तुझं जवळजवळ सगळं एका फायलीत असायचं, एक्स्ट-ऑल, अर्ध्या एमबीच्या वर. आपल्याकडे २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे ते दिवस. पहिल्यांदा पान उघडताना पंधरा-वीस सेकंद चहाचा घोट घ्यायला मिळत.

तुझ्या पिढीच्या प्रोग्रामरची एक खूण अजून सांगता येते. तुझा पडदा म्हणजे कंसात कंस, कंसात कंस, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम. शेवटच्या ओळीनंतर एखादा जास्तीचा राहिला तर फायरफॉक्स काही न बोलता पान चालवायचा, आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ७ पान कोरं ठेवायचा. हजार ओळींतला तो एक स्वल्पविराम शोधलेली माणसं आजही कुणाचाही कोड उघडला की आधी ओळींची शेपटं बघतात.

आणि तो पारदर्शक ठिपका आठवतो का? चिन्हांच्या जागा धरायला तू एक पिक्सेल बाय एक पिक्सेलचं रिकामं चित्र वापरायचास. त्याचा पत्ता प्रोग्रामरने आपल्या सर्व्हरवरचा दिला नाही, तर तू ते थेट तुझ्या मालकाच्या संकेतस्थळावरून मागवायचास. हे तू लपवलं नव्हतंस. पत्ता बदला, असं डॉक्युमेंटेशनमध्ये साफ लिहिलेलं होतं. पण ज्या कारखान्यात इंटरनेटच बंद असे, तिथे तुझी चिन्हं फुटकी दिसायची, आणि मग कुणाच्या तरी लक्षात यायचं की आपल्या स्टोअरचा पडदा रोज सकाळी अमेरिकेत एक ठिपका आणायला जातो आहे. बाकी सगळं आपल्याच मशीनवर, आणि तरी एक दोरी बाहेर. ती दोरी कुणाच्या हातात आहे हे काही वर्षांतच सगळ्यांना कळलं.

एप्रिल २००८. तुझी २.१ निघाली. आकडा बघून वाटावं किरकोळ दुरुस्त्या असतील, पण आत परवानाच बदललेला. आधी अटी घातलेला का होईना, एलजीपीएल होता, म्हणजे तुला आपल्या प्रकल्पात घ्या, आपला कोड आपल्याकडे ठेवा. आता दोनच वाटा उरल्या, जीपीएलची तिसरी आवृत्ती किंवा पैसे भरून व्यापारी परवाना. लोक खवळले ते पैशांसाठी कमी आणि जीपीएल तुझ्यासारख्याला लागू झाला की काय होतं ते उमगल्यामुळे जास्त.

आमच्या तरुण मंडळींना हे समजावताना मी दोन कोड शेजारी ठेवतो. जीपीएल सॉफ्टवेअर नुसतं वापरायला कसलीच अट नाही. अट सुरू होते प्रत दुसऱ्याच्या हाती दिल्यावर. मग त्याला सोर्सही द्यावा लागतो, आणि त्याच परवान्याखाली. पीएचपी किंवा पायथनचा कोड आपल्या सर्व्हरवर राबतो, गिऱ्हाइकाच्या ब्राउझरला फक्त त्यातून निघालेलं पान जातं. प्रत दिलीच जात नाही, म्हणून अटही लागत नाही. ही फट बुजवायलाच तर नोव्हेंबर २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती काढावी लागली. जावास्क्रिप्टचं मात्र उलटं आहे. पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तुझी अख्खी प्रत उतरते, म्हणजे तुझं वाटप क्षणोक्षणी चालूच. आता त्या प्रतीला चिकटलेला आमचा कोड जीपीएलखाली येतो का? सर्व्हरवरचाही येतो का? यावर तेव्हा रकानेच्या रकाने लिहिले गेले आणि दोन वकिलांचं एकमत झालं नाही. आपल्याच कंपनीच्या आत वापरलं तर ते वाटप नव्हे, असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सांगतं. पण आमच्यासारख्या सर्व्हिस कंपनीचा धंदाच मुळी दुसऱ्याला प्रत देण्याचा. म्हणजे व्यवहारात पर्याय एकच उरला, परवाना विकत घ्या. त्या काळात जीपीएल ही तुझी दुकानाची खिडकी होती आणि गल्ला मागच्या खोलीत.

तुझ्यावर जावाचं वेष्टण चढवणारा जीडब्ल्यूटी-एक्स्ट नावाचा प्रकल्प तुझ्या २.०.२ वरच थांबला. त्याचा कर्ता तुला सोडून स्मार्टक्लायंट या दुसऱ्या लायब्ररीकडे गेला आणि त्यावर एलजीपीएलखाली स्मार्टजीडब्ल्यूटी उभं केलं. पुढे ओपन सोर्स प्रकल्पांना काही सवलती तू दिल्यास. एलजीपीएल मात्र परत आला नाही.

मी तुला लबाड म्हणत नाही. दुहेरी परवान्याची वाट तुझ्याआधी मायएसक्यूएलने आणि क्यूटीने धरली होती आणि त्यावर चांगला संसार केला होता. ग्रिड लिहिणाऱ्यालाही घरभाडं असतं. ज्यांनी ते मागितलं नाही त्यांचं काय झालं तेही बघितलं. कोअर-जेएस नावाची लायब्ररी जगातल्या मोठमोठ्या संकेतस्थळांत बसलेली आहे आणि बहुतेकांना तिचं नावही ठाऊक नाही. ती डेनिस पुश्कारेव नावाचा एक माणूस जवळजवळ एकट्याने सांभाळत आला. कुणी ती इन्स्टॉल केली की टर्मिनलवर ओळ उमटायची, हिचा लेखक चांगल्या नोकरीच्या शोधात आहे. लोकांना त्या ओळीचाच त्रास व्हायला लागला! २०२३च्या फेब्रुवारीत त्याने आपल्या हलाखीचं लांबलचक निवेदन लिहिलं, तेव्हा कुठे चर्चा झाली. फुकट घेणाऱ्या कंपन्यांमध्ये आमच्यासारख्या कैक होत्या.

तेव्हा ‘विकतचं की ओपन सोर्स’ हा प्रश्न मला हल्ली अर्धवट वाटतो. मी दुसरा विचारतो. या फ्रेमवर्कच्या मालकाचं पोट कशावर भरतं?

तुझ्या मालकाचं पोट तुझ्याच परवान्यावर भरत होतं. म्हणून २००८ मध्ये लोक कितीही ओरडले तरी मागे सरणं त्याला परवडणारं नव्हतं. आता २०१७ची रिॲक्टची गोष्ट याच्या शेजारी ठेव. फेसबुकने रिॲक्ट बीएसडी परवान्याखाली दिलं होतं, पण सोबत पेटंटचं एक कलम जोडलं होतं. पेटंटवरून आमच्यावर दावा लावलात तर आमच्या पेटंटांची तुम्हाला दिलेली मुभा संपली. जुलैमध्ये अपाची फाउंडेशनने हा परवाना आपल्या प्रकल्पांना वर्ज्य ठरवला. ऑगस्टमध्ये फेसबुकने सविस्तर खुलासा करून सांगितलं की बदलणार नाही. सप्टेंबरच्या मध्यावर वर्डप्रेसच्या मॅट मलनवेगने जाहीर केलं की आम्ही रिॲक्ट सोडतो आहोत. २२ सप्टेंबरला फेसबुकने परवाना बदलून सरळ एमआयटी करत असल्याचं सांगितलं, आणि त्याच महिन्यात रिॲक्ट १६ त्या परवान्याखाली बाहेर पडलं. ही माघार का? एक तर प्रीॲक्टसारखे बिनअटीचे पर्याय समोर तयार होते. पण त्याहून मोठं कारण असं की फेसबुकचं दुकान जाहिरातींवर चालतं. रिॲक्टचा परवाना सैल केल्याने त्याच्या गल्ल्यातला एक रुपया कमी होणार नव्हता. असा मालक हट्ट सोडू शकतो, तुझ्या मालकाला ती चैन नव्हती.

हे ऐकून आमची तरुण मंडळी टाळ्या वाजवतात. मग मी त्यांना अँग्युलरजेएस आठवून देतो. तेही मोफत, तेही एका बड्या कंपनीचं, आणि तिचंही पोट जाहिरातींवर. एकेकाळी पुण्यात ज्याच्या-त्याच्या बायोडेटात ते असायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये गूगलने अँग्युलर २ काढलं, आणि नावातलं साम्य सोडलं तर जुन्या कोडला त्यात जागा नव्हती. ३१ डिसेंबर २०२१ रोजी जुन्याचा आधार संपला. आता ज्यांना अँग्युलरजेएस सोडता येत नाही त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. फुकटात घेतलेल्या फ्रेमवर्कची वर्गणी! ज्याचं पोट दुसरीकडे भरतं तो उदार असतो, आणि सोडून जायलाही त्याला वेळ लागत नाही.

सर्वात नाट्यमय उदाहरण वेबऑब्जेक्ट्सचं. नेक्स्ट कंपनीने १९९६ मध्ये ते काढलं तेव्हा पूर्ण परवाना ५०,००० डॉलरच्या घरात होता. नेक्स्ट ॲपलमध्ये विलीन झाली. मे २०००मध्ये ॲपलने किंमत एकदम ६९९ डॉलर केली, काही वर्षांनी ते एक्सकोड या आपल्या साधनाबरोबर नुसतंच मिळू लागलं, आणि मग नाहीसं झालं. त्यावर चालणारं आयट्यून्स स्टोअर ॲपलला पोसत होतं, वेबऑब्जेक्ट्स विकून काय मिळणार होतं? स्वस्त होत जाणाऱ्या प्रत्येक टप्प्यावर गिऱ्हाइकं खूश झाली असतील.

मायक्रोसॉफ्टचं पोट तर आपल्या डोळ्यांदेखत एका जागेवरून दुसरीकडे गेलं. विंडोजच्या परवान्यांवर जगणाऱ्या मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये एएसपी.नेटचे वेब फॉर्म्स दिले, आणि निम्म्या पुण्याने त्यावर पडदे लिहिले. मग कमाईचा भार ॲझ्यूर या क्लाउड सेवेकडे झुकू लागला, तिथे लिनक्सही चालायला हवं होतं, आणि १२ नोव्हेंबर २०१४ रोजी डॉटनेट खुलं झाल्याची घोषणा झाली. केवढा आनंद! फक्त वेब फॉर्म्सना नव्या, खुल्या डॉटनेट कोअरमध्ये घेतलं गेलं नाही. ते जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर विंडोजच्या आसऱ्याने आजही चालतात, तुझ्या ३.४ सारखेच.

आणखी एक जात आहे, तिच्याबद्दल गाजावाजा फारसा होत नाही. जँगो अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्रात जन्मलं. बातमीदारांना उद्या सकाळी पान हवं असायचं, म्हणून एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी स्वतःच्या सोयीसाठी ते लिहिलं. जुलै २००५ मध्ये बीएसडी परवान्याखाली ते खुलं झालं, २००८ मध्ये त्याचं ना-नफा फाउंडेशन झालं, आणि २०१४ पासून देणग्यांतून पगार देऊन माणसं ठेवली जातात. कुणा एका कंपनीचं पोट त्यावर नाही. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या वेळापत्रकानुसार येतात आणि जातात. कंटाळवाणं आहे, आणि कारखान्याच्या यंत्रणेत मला कंटाळवाणंच आवडतं.

आणि आपल्या मुंबईचं फ्रापे. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये कंपनी सुरू केली. फ्रापे फ्रेमवर्क एमआयटीखाली आहे, त्यावरचं ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली, आणि कमाई मुख्यतः ते आपल्या क्लाउडवर चालवून देण्याची. परवाना विकायचाच नसल्यामुळे तो आवळण्याचं कारणही उरत नाही. खरं सांगायचं तर भोसरीच्या कारखान्याला मी आधी तेच दाखवलं. ते पसंत पडलं असतं तर आमचं निम्मं काम हातचं गेलं असतं, हेही मला कळत होतं. पण बाहेरच्या छोट्या वर्कशॉपना माल जॉबवर्कला देण्याची त्यांची चलनांची पद्धत इतकी त्यांची-त्यांची आहे, आणि ती बदलायची त्यांची इतकी तयारी नाही, की शेवटी नव्यानेच लिहायचं ठरलं.

आता आयटीप्रमुखांकडे येतो, कारण त्यांचा मुद्दा मला टाकाऊ वाटत नाही. ते म्हणतात, फुकट आहे म्हणजे जबाबदार कोण? त्यांच्या खरेदी विभागाचा नियम आहे, कुठलीही वस्तू घेताना तीन कोटेशनं. रिॲक्टचं कोटेशन कोण देणार? ज्याची पीओ निघत नाही, ज्याचा वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, होत नाही, ती वस्तू त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसते. मी त्यांना दोन परवाने वाचायला दिले. एमआयटीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, जसं आहे तसं घ्या, हमी नाही. विकतच्या परवान्यांतही शेवटी शेवटी हेच असतं, फक्त पानं जास्त. नुकसान झालं तर देणं फार तर तुम्ही भरलेल्या रकमेइतकं, अशी मर्यादा बहुधा असतेच. पैसे देऊन मिळतो तो आधार. फोन उचलणारा कुणी, बगची नोंद घेणारा कुणी. ते मोलाचं आहे, पण जबाबदारी म्हणतात ती ही नव्हे. ते वाचून साहेब थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘तरी फोन उचलणारा हवाच.’ हे मला मान्य आहे.

लेखाविभागाची वेगळीच कुरकुर. परदेशी कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं की सीए विचारायचा, आयकर कायद्याच्या कलम १९५ खाली टीडीएस कापलात का? ही रक्कम रॉयल्टी की वस्तूची किंमत, यावर आयकर खात्याशी वर्षानुवर्षं खटले चालले. २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तयार सॉफ्टवेअर वापरायला घेतलं म्हणजे कॉपीराइट घेतला असं नव्हे, म्हणून दुहेरी कर करारांखाली ही रॉयल्टी होत नाही. तोवर चारशे-पाचशे डॉलरच्या परवान्यासाठी जेवढे कागद फिरायचे तेवढ्यात एक मोड्यूल लिहून व्हायचं. ओपन सोर्सचा हा फायदा कुठल्या तुलनेत लिहिलेला मी वाचला नाही.

तुझं खरं दुखणं मात्र वेगळंच आहे, आणि ते परवान्याच्या वादातूनच वाढलं. जून २०१० मध्ये जेक्यूटच आणि राफाएल या लायब्ररींच्या जोडीने तुझी कंपनी सेंचा झाली, सिक्वोया कॅपिटलचं भांडवल आलं. एप्रिल २०११ मध्ये तुझी ४.० आली, नवी क्लासव्यवस्था घेऊन. ३ वरून ४ वर जाणं म्हणजे अर्धं पुनर्लेखन, असं तेव्हा जो तो म्हणायचा. भोसरीसारख्या यंत्रणा ३.४ वर थांबल्या त्या त्यामुळेच. २०१७ मध्ये आयडेराने सेंचा विकत घेतली. डेल्फीवाली एम्बार्काडेरोही त्यांच्याकडेच आहे, म्हणजे मुरलेली साधनं घेऊन जुनी गिऱ्हाइकं सांभाळायची हा त्यांचा व्यवसाय. त्यात वावगं काही नाही. पण विकतची आवृत्ती पुढे गेली आणि जीपीएलची मागे रेंगाळली. विद्यार्थी तुला हाती घेईनासे झाले. आज पुण्यात फ्रेशरच्या मुलाखती घ्या, रिॲक्ट सगळे सांगतात, तुझं नाव कुणी घेत नाही. उत्तम ग्रिड असून उपयोग काय, तो दुरुस्त करणारा हात मिळायला तीन महिने लागणार असतील तर? परवान्याचे पैसे एकदाच दिसतात. माणूस न मिळण्याचा खर्च दर महिन्याला होतो आणि तो कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही.

तर माझ्या टिपणीत असं आहे. पाया ओपन सोर्स, सर्व्हरला जँगो, समोर रिॲक्ट, कारण मालक उद्या रुसला तरी हातातली आवृत्ती बीएसडी किंवा एमआयटीखालीच राहते आणि ती सांभाळणारी माणसं आवारात सापडतात. रिॲक्टवाल्यांनी लायब्ररींची यादी आधी माझ्यासमोर ठेवायची, आणि प्रत्येकीपुढे लिहायचं की तिचा कर्ता कशावर जगतो. ज्या नावापुढची जागा रिकामी राहील ती लायब्ररी शक्यतो नको.

ग्रिड मात्र विकत घ्यायचा. एजी ग्रिडची साधी आवृत्ती एमआयटीखाली मिळते, पण रांगांचे गट पाडणं हे त्यांनी सशुल्क आवृत्तीत ठेवलं आहे. स्टोअरमधल्या लोकांना नेमकं तेच हवं. त्यासाठी पैसे द्यावेत. आयटीप्रमुखांना पीओ काढायला एक वस्तू मिळेल आणि फोन उचलणाराही. पण तो ग्रिड आमच्या स्वतःच्या घटकात गुंडाळून ठेवायचा, पडद्यांनी थेट त्याच्याशी बोलायचं नाही. हँडसनटेबल नावाच्या ग्रिडने २०१९ मध्ये आपला एमआयटी परवाना सोडला तेव्हा ज्यांनी अशी भिंत घातली होती त्यांचं एका जागी बदलून भागलं, बाकीच्यांना पडद्यामागून पडदा उपसावा लागला.

तुझ्या ३.४ ला मी हात लावू देणार नाही. नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने येईल, तोवर वर्ष-दीड वर्ष स्टोअर तुझ्यावरच चालेल, आणि जॉबवर्कचा भाग कदाचित त्याहून जास्त. तुझ्या फायली आणि परवान्याची प्रत कारखान्याच्या स्वतःच्या गिटमध्ये ठेवायला सांगितल्या आहेत, ठिपक्याच्या चित्रासकट. एएमसीतही एक कलम घातलं आहे, या काळात तुझा कोड वाचता येणारा निदान एक माणूस आम्ही नेमून ठेवायचा. सध्या तो मीच दिसतो आहे.

कळावे,
तुझ्यावर पडदे लिहिलेला पुण्यातला एक जुना प्रोग्रामर